काकूंचं औषध, चीफचं पथ्य

स्वतःच्या आजारासाठी पथ्य पाळणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि न पाळणारी त्याहून पुष्कळ. पण दुसऱ्याच्या आजाराचं पथ्य स्वतःच्या जिभेवर बसवून घेणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होता आणि तो टॅम्पिनीसला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नाडी बायकोची बघितली होती. जीभ बायकोची बघितली होती. डांबरासारखा काळा काढा दिवसातून दोनदा बायकोच पीत होती. आणि मुळा, मूग, काकडी, कलिंगड, चहा, कॉफी, बर्फ आणि खेकडा हे सगळं सोडून बसले होते ते.

इमारतीतली सगळी मराठी मंडळी त्यांना चीफ म्हणायची. आयुष्यभर जहाजांवर इंजिनियर म्हणून काम केलेलं, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनियर म्हणून. निवृत्त झाल्यावर हुद्दा जहाजावर ठेवून यायचं त्यांना जमलं नाही आणि आम्हीही त्यांना ते जमू दिलं नाही. मूळचे रत्नागिरीकडचे. उंचीने बेताचे, रुंदीने भरपूर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. आम्ही पुण्याहून येऊन त्या फ्लॅटमध्ये सामान टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात चीफ, हातात पाना. "तुमच्या किचनच्या नळाचा वॉशर गेलाय. आधीच्या भाडेकरूला दोनदा सांगितलं होतं," असं म्हणून ते सरळ आत शिरले, नळ उघडून बंद केला आणि मगच माझं नाव विचारलं. मागोमाग काकू आल्या. शिडशिडीत, हसऱ्या, आवाज इतका हळू की ऐकायला माणसाने वाकावं. त्या म्हणाल्या, "अगं, चहा ठेवू नकोस हं. नळ दुरुस्त झाला की हे गॅसची शेगडी बघतात, आणि शेगडीवर काही असलं की चिडतात."

काकूंची तब्येत तेव्हा वर्षभरापासून कुरबुर करत होती. हातपाय थंड पडायचे, झोप लागायची नाही, जरा चाललं की थकवा यायचा. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासून झालं, छातीची पट्टी काढून झाली, सगळं ठीक निघालं. सगळं ठीक आहे म्हटल्यावर आजारी माणसाची जी पंचाईत होते ती काकूंची झाली. मग आमच्या मजल्यावरच्या एका चिनी आजींनी आंग मो किओच्या एका चिनी वैद्यबाईंचं नाव सुचवलं. चीफ आणि काकू गेले. वैद्यबाईंनी काकूंच्या दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि निदान सांगितलं, "बॉडी टू कोल्ड." शरीर थंड आहे, शक्ती कमी आहे. मग जिन्सेंगचं मूळ घातलेल्या पुड्या दिल्या आणि एका कागदावर काय खायचं नाही त्याची यादी दिली.

तो कागद चीफनी हातात घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं जहाज त्या दिवशी बंदरातून सुटलं.

पहिली गोष्ट म्हणजे एक जाड वही आली. तिच्यात जहाजावरच्या सवयीने इंग्रजीत उभे रकाने आखले गेले. काढा किती वाजता घेतला, त्याआधी तासभर पोटात काय होतं, नंतर तासभर काय गेलं, चहा-कॉफीचे कप किती, हात कोमट की थंड, झोप किती, आणि शेवटी 'मूड'. निळ्या पेनने नेहमीची नोंद, लाल पेनने पथ्य मोडल्याची. मूडच्या रकान्यात एकदा मी वाचलं होतं, 'ठीक. (पुन्हा विचारल्यावर: वाईट.)' काकूंना हे सगळं नवीन नव्हतं. त्या म्हणायच्या, "लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी मला पत्र लिहिलं त्यात अर्धं पान समुद्राचं तापमान होतं."

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पहिल्या दिवशी काकूंनी काढ्याचा वाडगा तोंडाला लावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सहज म्हणाल्या, "तुम्ही बसा तिकडे चहा पीत. कडू मी पिते." बस्स. चीफनी हातातला कप बेसिनमध्ये ओतला आणि त्या क्षणापासून यादीतला एकही पदार्थ तोंडात घातला नाही. चीफ म्हणजे दिवसाला सहा कप चहा, तोही इतका कडक की चमचा उभा राहावा. काकू काढा प्यायला बसल्या की चीफ समोर बसून तेवढ्याच आकाराच्या वाडग्यातून कोमट पाणी प्यायचे. घोटाला घोट. त्यांनी काढाही निम्मा वाटून घ्यायची तयारी दाखवली होती, पण वैद्यबाईंनी हात जोराने हलवून सांगितलं, "युअर वाइफ मेडिसिन, नॉट यू." मग मला वेगळं काहीतरी द्या, असा चीफनी हट्ट धरला. बाईंनी त्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "यू नथिंग. ओन्ली टॉक टू मच." हे चीफ स्वतः सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सर्टिफिकेट मिळाल्याचा भाव असायचा.

यादीतली खरी अडचण मुगाची होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला की पहिल्यांदा आठवते ती मुगाची खिचडी. आणि इथे कागदावर स्पष्ट लिहिलेलं, हिरवे मूग बंद, ते औषधाचा जोर उतरवतात. काकू हवालदिल झाल्या. "आजारी माणसाने मूग खायचे नाहीत, मग खायचं तरी काय?" चीफना प्रश्न पडला तो निराळाच. हिरवे मूग बंद, पण साल काढलेल्या पिवळ्या मूगडाळीचं काय? आणि मूग जर चालत नाहीत, तर त्यांच्या नात्यागोत्यातल्या बाकी डाळींचं काय? अशा गोष्टी फोनवर विचारायच्या नसतात, असं म्हणून त्यांनी घरातल्या प्रत्येक डाळीचा आणि कडधान्याचा मूठमूठ नमुना छोट्या डब्यांत भरला, डब्यांवर आकडे टाकले आणि मला म्हणाले, "पोरी, तुझी उद्या सुट्टी आहे ना? एक हात कमी पडतोय."

अशी मी एक ट्रे धरून आंग मो किओच्या त्या दवाखान्यात उभी होते. दवाखाना म्हणजे एका ब्लॉकच्या तळमजल्यावरचं दुकान. भिंतभर लाकडी खण, काउंटरवर छोटा तराजू, आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा आणि ज्येष्ठमधाचा मिळून एक वास. वैद्यबाई सत्तरीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. मागे पाच-सहा पेशंट बसलेले. चीफ एकेक डबा उघडत होते आणि बाई न चिडता बघत होत्या. पिवळी मूगडाळ? "सेम बीन. यू टेक ऑफ शर्ट, स्टिल सेम पर्सन." म्हणजे बंद. तूर? बोटाने चोळून पाहिली. "कॅन." मसूर? "कॅन." उडीद? "कॅन. लिटल." मग मटकीचा डबा आला. बाईंनी एक दाणा उचलला, उजेडात धरला, हुंगला, दाताखाली फोडला. मागच्या पेशंटपैकी एक आजोबा उठून बघायला आले. त्यांनीही एक दाणा फोडला. दोघांची चिनी भाषेत बरीच चर्चा झाली. शेवटी बाई म्हणाल्या, "धिस वन आय डोन्ट नो. डोन्ट नो, डोन्ट ईट."

चीफ इतके खूष झाले की त्यांनी बाईंना जवळजवळ सॅल्यूट केला. परत येताना मेट्रोत ते मला सांगत होते, "बघितलंस? माहीत नाही, असं म्हणाली. पस्तीस वर्षांत मला असे तीन इंजिनियर भेटले. बाकी सगळ्यांना सगळं माहीत असायचं, आणि त्यांनी पाठवलेलं मशीन माझ्या हातात फुटायचं." त्या दिवसापासून बाईंवरची त्यांची श्रद्धा अढळ झाली आणि 'डोन्ट नो, डोन्ट ईट' हे त्यांच्या घरातलं पहिलं कलम झालं. काकूंची मटकीची उसळ त्याच दिवशी निवृत्त झाली. खिचडीच्या जागी मात्र चीफनी एक शोध लावला. बाईंनी काय चालतं म्हणून 'पॉरिज' सांगितलं होतं. चीफनी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जाऊन ते बघितलं, एक चमचा तोंडात घातला आणि आनंदाने टेबलावर थाप मारली. "अगं, ही तर आपली पेज!" तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या घरी उकड्या तांदळाची पेज शिजायला लागली. चिनी औषधाने आपल्याला पुन्हा कोकणात नेऊन सोडलं, असं ते म्हणायचे.

बाहेर खाताना मात्र चीफबरोबर असणं हे धैर्याचं काम होतं. जिन्सेंग चालू असताना मुळा वर्ज्य, आणि इथे तर निम्म्या सुपांत पांढरा मुळा. चीफ प्रत्येक स्टॉलसमोर उभे राहून विचारायचे, "गॉट रॅडिश ऑर नॉट?" एका सूपवाल्या बाईने हातातला डाव खाली ठेवून त्यांना उत्तर दिलं होतं, "अंकल, नो रॅडिश, हाऊ टू बी सूप?" आणि एवढी दक्षता घेणाऱ्या ह्या माणसाच्या हातून जो घोर अपराध घडला तोही मुळ्याचाच. एका रविवारी सगळे मिळून बाहेर जेवायला गेलो होतो. काकूंना काहीतरी वेगळं खावंसं वाटत होतं. पाटीवर 'कॅरट केक' लिहिलं होतं. गाजर यादीत नव्हतं. वाफवलेलं, मग तव्यावर परतलेलं, अंडं घातलेलं; चीफनी लांबून निरीक्षण केलं आणि मोठ्या प्रेमाने एक प्लेट काकूंसमोर आणून ठेवली. काकूंनी आवडीने खाल्ली. शेवटचा तुकडा उरला असताना माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "चीफ आजोबा, कॅरट केक नो कॅरट वन लाह. इट्स रॅडिश."

चीफचा चेहरा मी विसरणार नाही. बोटीला भोक पडल्याची बातमी ऐकावी तसा. त्यांनी तो तुकडा उचलून स्टॉलवर नेला, खात्री करून घेतली, आणि तिथूनच वैद्यबाईंना फोन लावला. पलीकडून बाईंचं हसू आम्हाला टेबलापर्यंत ऐकू आलं. एका प्लेटने काही होत नाही, त्या म्हणाल्या, आज त्यांना पाणी जास्त द्या, उद्यापासून नीट. पण चीफचं समाधान झालं नाही. वहीत लाल पेनाने नोंद झाली, 'गाजर समजून मुळा. जबाबदारी: माझी.' आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कडकडीत उपास केला. काकू मला म्हणाल्या, "मुळा मी खाल्ला, मला तर छान झोप लागली. हे उपाशीपोटी रात्रभर कूस बदलत होते."

गणपतीत त्यांनी आमच्या घरी जे केलं तेही सांगायला हवं. माझ्या ऑफिसात सॉफ्टवेअरची एक रिलीज तोंडावर आली होती, म्हणून मी तळणीच्या मोदकांवर निभावून न्यायचं ठरवलं होतं. चीफना कुणकुण लागली. तळलेलं यादीत बंद होतं. मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. चतुर्थीच्या सकाळी दारात उभे. एका हातात मार्केटमधून आणलेली बांबूची तीन मजली टोपली, दुसऱ्या हातात उकड काढून तयार. "तू आरतीचं बघ. वाफेचं खातं माझं." आणि खरोखर, रुंद हातांच्या त्या माणसाने एकवीस मोदक केले. कळ्या जरा नटबोल्टसारख्या झाल्या होत्या, पण एकही फुटला नाही. नारळ चालेल का, याची परवानगी त्यांनी आदल्याच दिवशी काढून ठेवली होती.

तीन महिने झाले. काकूंचे हात आता कोमट असतात, असं वही सांगत होती. त्या स्वतःही म्हणायच्या की बरं वाटतंय; औषधाने की कोणीतरी दिवसातून आठ वेळा हात हातात घेऊन बघतंय त्याने, ते त्यांना सांगता आलं नसतं.

आणि मग एका शनिवारी सकाळी मी काकूंबरोबर मार्केटला गेले होते. चीफ घरी पेजेवर लक्ष ठेवून होते. भाजीवाल्यासमोर काकू एकदम थांबल्या, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "अगं, छातीत मासोळी फडफडतेय." मी हसणार होते; पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. भाजीवाल्याने क्रेट उलटा करून त्यांना बसवलं. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, मग चीफना फोन केला. मला वाटलं होतं ते शंभर प्रश्न विचारतील. त्यांनी एकच विचारला, "शुद्धीवर आहे?" मी हो म्हटलं. "तिचा हात सोडू नकोस," म्हणाले आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा, ॲम्ब्युलन्स जवळच्याच हॉस्पिटलला येणार हे ओळखून, चीफ आधीच दारात उभे होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला, काखेत वही आणि हातात एक पिशवी, तीन महिन्यांतल्या प्रत्येक पुडीचं वेष्टन जपून ठेवलेली. काकूंना आत घेतलं, छातीला वायरी लावल्या. एक तरुण डॉक्टर मुलगी आली. हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत, असं तिने सांगितलं. असे ठोके येतात आणि जातात, म्हणून आधीच्या तपासणीत सापडले नसतील. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला, दुसरं काही औषध चालू आहे का, काही पारंपरिक, काही जडीबुटी?

काकू पटकन म्हणाल्या, "नो, नो." मोठ्या हॉस्पिटलात काढ्याचं नाव काढायची त्यांना लाज वाटली असावी.

"येस," चीफ म्हणाले.

काकूंनी चादरीखालून त्यांच्या मनगटाला चिमटा काढलेला मी पाहिला. चीफनी मनगट हलवलंही नाही. त्यांनी वही डॉक्टरच्या हातात दिली आणि वेष्टनं एकेक करून पलंगावर तारखेप्रमाणे मांडली. ती मुलगी उभ्या उभ्या वाचायला लागली. मग खुर्ची ओढून बसली. पानं उलटत राहिली. तिने एका वेष्टनावर बोट ठेवलं. तांग क्वे नावाचं एक मूळ होतं त्यात. हे आणि रक्त पातळ करायची गोळी बरोबर गेली, तर आत रक्तस्राव होऊ शकतो, ती म्हणाली. पुष्कळ लोक आम्हाला सांगतच नाहीत. घरी जाऊन दोन्ही घेत राहतात. मग तिने चीफकडे पाहिलं. "अंकल, यू रोट ऑल धिस?"

चीफ शेवटचं वेष्टन सरळ करत होते. डॉक्टरने आणखी एक विचारलं, कॉफी किती घेतात? वहीत तर शून्य दिसतेय.

"झिरो," चीफ म्हणाले.

पलंगावरून हळू आवाज आला. "दोन."

चीफनी मान वळवली. काकू छताकडे बघत होत्या. "मंगळवारी आणि शुक्रवारी. खालच्या कॉफीच्या दुकानात. त्या चौथ्या मजल्यावरच्या तमिळ बाई असतात बरोबर. त्या म्हणाल्या, इतक्या चांगल्या माणसाशी थोडं खोटं बोललं तर चालतं."

मला वाटलं आता काहीतरी होणार. तीन महिने हा माणूस चहाच्या थेंबाशिवाय राहिला होता. चीफनी डॉक्टरकडून वही मागून घेतली, खिशातून लाल पेन काढलं, आणि एकेक पान उलटून प्रत्येक मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या शून्यावर एक सरळ रेघ मारली, वर '१' लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. खाडाखोड नाही, जहाजाच्या वहीत चुकलेलं खोडायचं नसतं, वाचता येईल अशी एकच रेघ मारायची. शेवटच्या पानावर आल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "साखर घालून?"

"एक चमचा," काकू म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. चीफनी तेही लिहिलं.

पुढचे दोन तास तपासण्या होत्या, म्हणून आम्हाला बाहेर बसवलं. चीफ बाकावर वही मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाले, "माझ्यामुळे झालं का हे? मीच नेलं होतं तिला तिकडे." मी म्हटलं, "नाही हो. डॉक्टर म्हणाली ना, हे ठोके आधीच्या तपासणीच्या वेळीही असतील, फक्त सापडले नसतील." त्यांनी मान हलवली, पण ते माझं ऐकत नव्हते.

"तुला माहीत आहे का," ते म्हणाले, "हिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कुठेतरी आफ्रिकेच्या खाली होतो. पत्र मिळालं तोपर्यंत टाके निघाले होते. धाकट्या मुलाच्या बाळंतपणात तिला पंधरा दिवस ताप होता, ते मला तो चालायला लागल्यावर कळलं. एकदा कावीळ झाली होती. ती तर तिने कळवलीच नाही. शेजाऱ्यांच्या बोलण्यात आली. तिचे सगळे आजार मला ती बरी झाल्यावर कळलेत. हा पहिला आजार, की जो माझ्यासमोर झाला." मग वहीवर हात फिरवून जरा हसले. "म्हणून जरा जास्तच लिहिलं."

मी यंत्रातून त्यांच्यासाठी गरम पाणी आणलं. दोन वेगवेगळ्या चपलांकडे त्यांचं तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं आणि त्यांनी पाय बाकाखाली घेतले.

वैद्यबाईंना चीफनी तिथूनच फोन केला. त्या अर्ध्या वाक्यातच ओरडल्या, "स्टॉप! टुडे स्टॉप! हॉस्पिटल मेडिसिन फर्स्ट." चार दिवसांनी काकू घरी आल्या तेव्हा बाई स्वतः आंग मो किओहून भेटायला आल्या, हातात संत्री. काकूंची नाडी पाहिली, नुसती सवयीने. निघताना चीफना म्हणाल्या, "यू माय बेस्ट पेशंट." चीफ म्हणाले, "मी तर पेशंटच नव्हतो." बाई हसल्या आणि आपल्या चपला घालायला लागल्या.

काढा संपला म्हणून पथ्य संपलं, असं मात्र कोणी समजू नये. नव्या गोळ्यांचं नवं पथ्य आलं, पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात खायची, आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही असं चालणार नाही. चीफनी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. कांगकोंगच्या पाल्याची जुडी त्यावर चढायला लागली, एखादं पान जास्त झालं की परत उतरायला लागली, आणि दोन ताटांत अगदी सारखी वाढली जायला लागली. डॉक्टरने कॉफीचा एक कप मंजूर केला. काकू माझ्याकडे तक्रार करत होत्या, "आता घरीच करून देतात गं. बरोबर चार वाजता. काही मजा राहिली नाही बघ त्यात."

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही जुरोंग ईस्टला राहायला आलो, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. इथल्या कॉन्डोमध्ये सगळं सुरेख आहे. शेजाऱ्यांची नावं मला अजून माहीत नाहीत. टॅम्पिनीसला जाणं पहिल्यांदा दर आठवड्याला व्हायचं, मग महिन्याला, आणि मग माझ्या लेकीच्या परीक्षा आणि माझ्या रिलीज यांच्या फटीत मिळेल तेव्हा.

मागच्या रविवारी दुपारी न कळवता गेले. जेवणं होऊन गेलेली, कॉरिडॉरमध्ये शांतता. त्यांचं दार उघडं होतं आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर चीफ बसले होते. जरा बारीक झालेत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. आत काकू झोपल्या होत्या. पंखा चालू होता, आणि त्यामागे त्यांचं घोरणं ऐकू येत होतं, अगदी बारीक, मधेच थांबणारं, परत सुरू होणारं. थांबलं की चीफ बोलायचे थांबत. सुरू झालं की पुढचा शब्द बोलत. अशा तुकड्या-तुकड्यांत त्यांनी माझ्या लेकीची चौकशी केली, नव्या घराचा नळ कसा आहे ते विचारलं. उठवू का तिला, असंही विचारलं, पण ते विचारताना ते खुर्चीतून हलले नाहीत. मी नको म्हटलं.

अर्ध्या-पाऊण तासाने मी निघाले. पूर्वी ते लिफ्टपर्यंत यायचे, लिफ्ट येईपर्यंत थांबायचे, दार बंद होताना काहीतरी सूचना करायचे. या वेळी माझ्याबरोबर चार पावलं चालले आणि कॉरिडॉरच्या मध्येच थांबले. मी वळून पाहिलं. त्यांचा एक कान घराकडे होता.

"तू जा पोरी," ते हळूच म्हणाले. "इथून पुढे ऐकू येत नाही."